खेकडे बाहेर येईपर्यंत

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
फेब्रुवारी १९९४

तीन पत्रं धाडली, तिन्हींना उत्तर तुझ्या नवऱ्याचं. सर्व कुशल आहे, आपला विठ्ठल. त्याची खुशाली मी मागितली होती का? शहाड काय विलायतेत आहे? खोपटला एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस तुझ्या दारात. माझे गुडघे धड असते तर तिथे येऊनच भांडले असते.

प्रिय मालू,

मायना राहिला होता, तो आता घातला. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं माफ. तुझी पोर पाच महिन्यांची झाली, मी अजून तोंड पाहिलं नाही. विठ्ठल लिहितो, गोरी आहे. त्याला दुसरं काही दिसत नाही का?

काल ओहोटीला काठी टेकत मागच्या बांधावर गेले. तिवरांखाली ते एका मोठ्या नांगीचे खेकडे निघाले होते. तसेच, निळ्या-काळ्या पाठीचे, नारिंगी नांगी हलवत, जसे काही येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतायत. सत्त्याऐंशी साली कॉलेजातल्या बाईंचा कॅमेरा मागून आणलास आणि त्यांच्या मागे लागलीस. मी म्हटलं, चिंबोऱ्या असत्या तर कालवण तरी झालं असतं. तू पाऊल टाकलंस की सगळे बिळात, नुसता चिखल उरायचा. रडकुंडीला आलीस तेव्हा तुझ्या आजाने शिकवलं, बसायचं आणि हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. जाळी विणायची टाकून म्हातारा तुझ्याबरोबर चिखलात मांडी घालून बसायचा. एवढा दम त्याने माझं ऐकताना कधी धरला नाही.

एकदा खेकडे निघेचनात, तर तू त्याचाच फोटो काढलास. नाकापर्यंत चिखल, बोळकं पसरून हसतोय. मी बांधावरून ओरडले, रोल खेकड्यांसाठी आणलाय, या माकडासाठी नाही, हा फोटो धुऊन आणलास तर चुलीत घालीन. तू खरंच आणला नाहीस. घरी आले ते पस्तीस खेकडे. भिंतीवर आहेत अजून, कडा वळल्यात.

तुझा राग मला कळतो. आजा गेल्याचं तुला बाराव्यानंतर कळवलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं असं तुझा बाप सांगतो, ते खोटं. मी ठरवलं. तुला सातवा होता. पोटुशीला मयताच्या घरी आणत नाहीत, आणि पहिल्या खेपेला तुझं काय झालं ते मी विसरले नव्हते. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. पण शेवटच्या दिवशी तो सारखा विचारत होता, मालू आली का. मी सांगितलं, आलीय, खाडीवर खेकडे टिपतेय. तर म्हणाला, मग हलू नका कुणी. आणि तसाच पडून राहिला, डोळे दाराकडे. संध्याकाळी भरती लागली तेव्हा हात लावून पाहिला.

घरात त्याचा एकही फोटो नाही. त्या रोलची निगेटिव तुझ्याकडे असेल. छत्तिसावा धुऊन घे आणि आण, नाहीतर धाड. चुलीत घालणार नाही. आता गॅस आहे.

तुझीच, रागाव नाहीतर काही कर,
आजी

ता.क. उत्तर तू लिही, तुझ्या हाताने. शिव्या असल्या तरी चालतील. पाकिटावर विठ्ठलचं अक्षर दिसलं तर पोस्टमनच्या हाती परत देईन.