मॅनहोलच्या मापाची तार

१२ सप्टेंबर, सकाळी ९
नवी डायरी. नवी पाटीही लागली. ‘हिंमत वेल्डिंग वर्क्स’ काढून ‘हिंमतराव पॉवर प्लँट सोल्युशन्स, मुरुम’. साखर कारखान्याच्या वीज प्रकल्पाचं बॉयलर दुरुस्तीचं काम मिळालं. ९ ऑक्टोबरला बॉयलर अग्निप्रदीपन. चेअरमन म्हणाले, बॉयलर नीट पेटला तर पुढच्या तीन वर्षांचं मेंटेनन्सचं काम तिथंच स्टेजवर जाहीर करू. म्हणजे मिळालंच.
संकल्प: रोज स्वतः बॉयलरच्या आत उतरून काम तपासणार. मालक आत उतरला की लेबरला धाक राहतो.

१३ सप्टेंबर
आत उतरायचं भोक, ज्याला मॅनहोल म्हणतात, फारच लहान ठेवलंय. डिझाइन करणाऱ्यानं अनुभवी माणसांचा विचारच केलेला नाही. डोकं आणि एक हात आत गेला. पुढं काही जाईना, मागं काही येईना. शेवटी धोंडप्पानं पाय धरून ओढलं.
धोंडप्पा माझा फिटर. वीस वर्षं सोबत आहे. हात चांगला, पण व्हिजन नाही. त्यानं जाड तार वाकवून मॅनहोलच्या मापाची कडी करून दिली. म्हणाला, साहेब, ही घरी ठिवा, यातनं निघालात की या, तवर आतलं म्या बघतो.
कडी कपाटाच्या खिळ्याला लावली. आजपासून भजी बंद.

१५ सप्टेंबर
उमरग्याला हायवेवर मीटिंग होती. समोरची पार्टी आली नाही. भज्यांची ऑर्डर आधीच गेली होती. अन्न टाकणं मला जमत नाही.

२१ सप्टेंबर
साइटवर जायचं होतं. पण लेटरहेडचं प्रूफ आलं. लोगोतली वीज पिवळी की लाल, यात दिवस गेला. धोंडप्पाचे चार मिसकॉल. फोन केला तर म्हणे, आतल्या दोन नळ्या पार सडल्यात, बदलू का? अरे बाबा, असले छोटे निर्णय तरी स्वतः घ्यायला शिक!

२८ सप्टेंबर
मोठी बातमी. बॉयलरची पूजा ‘उभयतांच्या शुभहस्ते’ होते. दरवर्षी कुठल्यातरी संचालकाचं जोडपं बसतं. यंदा चेअरमन म्हणाले, कंत्राटदार उभयतां बसा. काम दिवसरात्र चाललंय हे त्यांनी पाहिलं. माझंच काम ते.
बायको, शिवकन्या, खूश होईल वाटलं. बाई म्हणते, रात्रंदिस धोंडप्पाभाऊजी राबतेत, पत्रिकेत त्यांचं नाव कुठंय? तिला समजावलं, प्रोटोकॉल असतो. ती म्हणाली, प्रोटोकॉल तुमच्याकडंच ठेवा.

२ ऑक्टोबर
कडी डोक्यावरून घातली. खांद्यावर अडकली. खांदे रुंद आहेत, त्याला इलाज नाही. घराण्यातच तसे.

६ ऑक्टोबर
पाण्याचं प्रेशर देऊन टेस्ट झाली. एक थेंब गळाला नाही. चीफ इंजिनिअरनं धोंडप्पाच्या पाठीवर थाप मारली. मी तेव्हा फोनवर होतो, नाहीतर मलाच मारली असती. तीन रात्री धोंडप्पा साइटवरच झोपला. घरी जाऊन झोप, असं मी एकदा म्हटलंही असेन.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
फ्लेक्स आला. वीस बाय पंधरा. मी हेल्मेटमध्ये, हातात ड्रॉइंग. शिवकन्या म्हणते ड्रॉइंग उलटं धरलंय. वीस फुटांवरून कोण वाचतंय!
फ्लेक्स चिमणीजवळच्या उंच प्लॅटफॉर्मवर लावला, म्हणजे रस्त्यावरून दिसेल. तीन टोकं कठड्याला बांधली. चौथ्याला जागा नव्हती. तिथं एक लोखंडी दांडा होता, त्याला बांधलं. दांडा जागेवर धरणारी खिटी मधे येत होती, ती काढून खिशात टाकली. गाठ मी स्वतः मारली. या साइटवर माझ्या हातचं पहिलं काम. बरं वाटलं.
धोंडप्पा खालून ओरडत होता, साहेब, त्या दांड्याला हात नका लावू, त्यो झडपीचा हाय, धूर चिमणीत जायची वाट हाय ती! म्हटलं, व्हय व्हय, बघतो. दर गोष्टीत नाक खुपसायची सवय त्याला.

९ ऑक्टोबर, सकाळी ७
सफारी इस्त्री झाली. शिवकन्याचा शालू काढला. भाषण पाठ. सुरुवात: ‘ऊर्जा म्हणजे मी.’

९ ऑक्टोबर, रात्री ८
वारा. दुसरं काही नाही, वाराच नडला.
आम्ही उभयतां भट्टीच्या तोंडाशी बसलो. मंत्र झाले. तूप ओतलं, मोळीला आग दिली. टाळ्या. तेवढ्यात वरती फ्लेक्स शिडासारखा फुगला, दांडा ओढला गेला, झडप बंद. सगळा धूर भट्टीच्या तोंडातून बाहेर, थेट आमच्यावर अन् मागं स्टेजवर. चेअरमन खोकत खाली, संचालक त्यांच्या मागं. भटजींनी अर्ध्यातच आवरतं घेतलं. शालूचं पार वाटोळं झालं. धोंडप्पा माकडासारखा वर चढला, विळ्यानं दोरी कापली, झडप उघडली. धूर चिमणीतून निघाला. फ्लेक्स उडाला.
चेअरमननं विचारलं, ही खिटी कुणी काढली? मी लगेच धोंडप्पाचं नाव घेतलं. लीडरनं निर्णय पटकन घ्यायचा असतो. धोंडप्पा माझ्याकडं बघत राहिला. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं अन् गेला. चेअरमन म्हणाले, कंत्राटाचं आठवड्यानं बघू. म्हणजे चालू आहे.

११ ऑक्टोबर
धोंडप्पा कामावर नाही. बाकीचे पाच लेबरही नाहीत. व्हायरल असावा. फ्लेक्स सापडला, गावाबाहेरच्या कडब्याच्या गंजीवर पांघरलाय. शेतकऱ्याला म्हटलं, माझा आहे. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या, पाऊस आला तर कामाला येतंय.

१२ ऑक्टोबर
शिवकन्यानं फ्लेक्स लावला त्या दिवशीची माझी पँट धुवायला काढली. खिशात खिटी. तिनं ती माझ्यापुढं धरली. म्हटलं, ठेव, पुरावा म्हणून लागेल. ती म्हणाली, लागंलच की. चप्पल घातली अन् निघाली. आधी धोंडप्पाच्या घरी, मग एसटीनं कारखान्यावर, चीफ इंजिनिअरकडं.
दिवसभर घरात एकटा होतो. भजीसुद्धा नको वाटली. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलं, ते सारखं आठवतं. अॅसिडिटी असेल.

१६ ऑक्टोबर
चेअरमननं तीन वर्षांचं काम धोंडप्पाला दिलं. कारखान्यानं परत दिवा लावून छोटी पूजा केली म्हणे. उभयतां: धोंडप्पा अन् त्याची बायको पार्वतम्मा. शिवकन्या जाऊन ओटी भरून आली.

१९ ऑक्टोबर, सकाळी १०
धोंडप्पा घरी आला. वाटलं, भांडायला. चहा घेतला, बशीत ओतून. म्हणाला, झालं गेलं. माणसं कमी हैत. उद्या आठला या. पण माझ्याकडं मालक अन् लेबर असं न्हाय, सगळ्यांनी आत उतरायचं.
निघताना मी त्याला पहिल्यांदाच ‘अहो, पुन्हा या’ म्हणालो. टेक्निकल सल्लागार म्हणून जायला हरकत नाही.

१९ ऑक्टोबर, सायंकाळी ५
कडी काढली. तेल लावलं. खांदे निघाले! म्हटलं होतं ना, इच्छाशक्ती लागते. छातीही निघाली.
पोटावर अडकली आहे. वरही येत नाही, खालीही जात नाही. शिवकन्या धोंडप्पाच्या घरी तार तोडायची पक्कड मागायला गेली आहे. तासभर झाला. पार्वतम्माकडं गप्पा मारत बसली असेल.