डाक्टरीणबाईची सुई

चि. वच्छलाले अकोल्याहून मायचा आशीर्वाद.

म्युनसिपालटीनं आता आपल्या न्हाविणींलेही लायसन लावलं. त्यासाठी डाक्टरीणबाईनं माहे हात तपासले. मनगटावरचा पांढरा चट्टा पाहून म्हणे, "डोळे मिट. सुई टोचली का सांग." मले टोचल्याचं काहीच समजलं नाही. पण पापणीच्या फटीतून सुई दिसली, अन् मी "माय वो!" ओरडली. लायसन भेटलं.

तवापासून कोणाचं नख काढाले हात पुढं होत नाही. महारोग असन तं? बाळाले न्हाऊ घालाले तू बोलावून राहिली, पोरी, पण मी येणार नाही. खरं लिहिलं तं सासरचे तुलेच घराबाहेर काढतील. म्हणून हे पत्र पाठवत नाही. दुसरं लिहीन, का मायचे गुडघे धरले.

तुही माय,
सुभद्रा