खडूचं कडं आणि वाट चुकलेल्या मुंग्या

७ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे, फक्त खिडकी नीट लागत नाही आणि वारा आला की रात्रभर बडबडते. नोकरीचं म्हणशील, तर विभागप्रमुखांनी पहिल्याच आठवड्यात एक नवाकोरा विषय माझ्या गळ्यात घातला. पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधन कसं करतात ते शिकवायचं. सत्राच्या शेवटी मुलांनी स्वतः केलेलं काहीतरी कॉलेजच्या समितीपुढे मांडायचं. त्यांना पटलं तर विषय राहील, नाहीतर बंद. आणि विषय बंद झाला की तुझी भाची पुन्हा तुझ्या गल्ल्यावर बसायला येणार, हे धरून चाल.

मुलं गोड आहेत गं, पण कुठलाही प्रयोग म्हटला की आधी विचारतात, उत्तर काय यायला हवं. मलाही ठाऊक नाही म्हटलं, तर सगळ्यांचे चेहरे पडले. शिकवणारीलाच येत नाही म्हणजे आनंदच! शेवटी वैतागून मी तुझ्या बेकरीची गोष्ट सांगितली. आतोबा बिस्किटांच्या फळीच्या पायांना खडूचं कडं काढायचे आणि मुंगी कधी ते ओलांडायची नाही, ही. अर्ध्या वर्गाचा विश्वास बसला, अर्धा वर्ग हसला, आणि पहिल्यांदाच कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. आता मुलांना तेच तपासायचंय. तू कडं नक्की कसं काढतेस ते सविस्तर कळव.

खिडकीसकट सगळ्यांचा नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

•

१५ जुलै

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आधी खिडकीच्या फटीत कागदाची घडी घाल, मग विज्ञान शिकव.

माझ्या खडूची परीक्षा घेणार म्हणता? घ्या बापडे. हातच्या कांकणाला आरसा कशाला! फळीचे पाय ओल्या फडक्याने पुसायचे, वाळू द्यायचे, मग भोवती खडूने जाड कडं काढायचं. तुम्ही फळ्यावर लिहिता तोच खडू, काही सोन्याचा लागत नाही. हे होते तोवर हे काढायचे, आता दुकान उघडलं की मी काढते. खरं सांगू, कडं काढून झालं की हे आत भट्टीपाशीच आहेत असं वाटतं. शेजारचा घड्याळजी मला हसतो. तो ह्यांनाही हसायचा. दोघांची त्यावरून नेहमी जुंपायची.

सोबत डबा पाठवते. वरचा थर मुलांचा, तळाचा चुरा मुंग्यांचा. उलटापालट करू नका. आणि तू पोटाला खात जा, पत्रातही बारीक झालेली दिसतेस.

आशीर्वाद आहेतच, ते डब्याबरोबर परत पाठवू नकोस.

तुझी आत्या

•

११ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस! मुलांनी चुऱ्याचे ढीग मांडले, अर्ध्यांभोवती तुझ्या पद्धतीने पुसून कडं काढलं, अर्धे तसेच उघडे ठेवले. उघड्या ढिगांवर मुंग्यांची झुंबड उडाली आणि कड्यांच्या आत जवळजवळ कोणीच नाही. आलेख इतका देखणा आलाय की दृष्ट काढावी. विभागप्रमुख सहज डोकावले आणि तिथेच थबकले. समितीपुढे हाच मांडा म्हणाले, विषय राहिलाच समजा.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे चष्मिश म्हणतात. मोजण्याचं सगळं तीच बघते. तुझी बिस्किटं खाताना आतोबांबद्दल इतकं विचारत होती की सांगता सांगता तास संपला. आज मात्र ती गप्प गप्प होती. बहुतेक बरं नसेल.

तुझा खडू अमर राहो आणि माझ्यावरचा जीवही.

तुझी,
चिमणी

•

१९ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी घड्याळजीच्या दुकानात गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. तो डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात तोंड खुपसून बसला. मग दारावर पाटी लावली, इथल्या खडूची कॉलेजात खात्री झाली आहे म्हणून. लोक थांबून वाचतात. आज हे असते तर छाती फुगवून भट्टीच्या दारात अडकले असते.

त्या चष्मिशच्या कपाळाला हात लावून बघ, ताप असेल. पोरी अंगावर काढतात.

घाईत आहे, भट्टी तापलीय. तुझ्यावरची माया तिच्यापेक्षा जरा जास्तच गरम आहे.

तुझी आत्या

•

५ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. चष्मिशला ताप नव्हता. ती रडत आली आणि म्हणाली की मुंग्या कडं ओलांडत होत्या. एकदोन नाही, पुष्कळ. पण मुलांनी त्या मोजल्याच नाहीत. वाट चुकलेल्या मुंग्या असं त्यांना नाव देऊन वगळल्या. का, तर तुझी बिस्किटं खाल्ली होती आणि आतोबांची गोष्ट ऐकली होती. खडू खोटा ठरला तर आत्यांना वाईट वाटेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला आधी भयंकर राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं आणि नुसती भीती उरली.

आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी एका ढिगाभोवती पुसून कडं काढलं, दुसऱ्याभोवती नुसतं ओलं फडकं फिरवलं, तिसरा उघडा ठेवला. मुंग्या आपल्या वासाच्या वाटेवरून चालतात. पुसलं की वाट मोडते, त्या काठाशी घुटमळतात, आणि थोड्या वेळाने शोधत शोधत पलीकडे जातात. खडू असो वा नसो. आत्या, खडूने काहीच होत नाही गं.

विभागप्रमुख म्हणतात, समितीला घोळ आवडत नाही, पहिला आलेखच दाखवा, त्यात कुठे कोणाचं नुकसान आहे. माझी नोकरी त्या आलेखावर उभी आहे आणि तुझी पाटी दारावर आहे. मुलांना खरं काय ते बघायला शिकवायचं म्हणून मी आले, आणि आता मीच नजर चुकवत फिरते. मी काय करू?

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
चिमणी

•

२४ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावले होते. चांगली सणसणीत रागावले होते. मुंग्यांवर, तुझ्यावर, त्या पोरांवर. चार बुकं शिकून माझ्या नवऱ्याला खोटं पाडायला निघाली म्हटलं.

मग म्हटलं आपणच बघू. एका फळीच्या पायांना पुसून कडं काढलं, दुसरीचे पाय नुसते पुसले. पण मोजणार कोण? माझं मन ह्यांच्या बाजूने झुकणार हे मला ठाऊक. घड्याळजीला बोलावलं, तर त्याचं मन उलट्या बाजूला झुकणार! शेवटी दोघंही स्टुलं टाकून बसलो, एकमेकांवर डोळा ठेवून. गिऱ्हाइकांना वाटलं म्हातारपणी डोकं फिरलं. तुमचंच खरं निघालं. दोन्ही फळ्यांवर मुंग्या सारख्याच. घड्याळजीने हसायचं सोडून चहा पाजला. मला मात्र रडू आलं ते आलंच.

आता ऐक. हे आधी पाय पुसायचे आणि मगच कडं काढायचे. कधीच उलट नाही. मला वाटतं, कडं मुंग्यांसाठी नव्हतंच. पुसून झाल्याची ती ह्यांची खूण होती, आणि ती बघूनच आम्ही रोज पुसत राहिलो. हे नुसतं माझं वाटणं आहे, सिद्ध झालेलं नाही, हे मला समजतं हो!

पाटी काढली. तू खरं तेच मांड. नोकरी गेली तर गल्ला आहे, पण नजर चुकवणारी मुलगी मला गल्ल्यावर नकोय. चष्मिशला रागावून बोलू नकोस. पोरीने माझ्यावर माया केली आणि मग खरंही सांगितलं. दोन्ही जमणारी माणसं थोडी असतात.

रागावले तरी आत्याच आहे. लोभ कुठे जातोय?

तुझी आत्या

•

१० ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल समिती झाली. विभागप्रमुख पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. चष्मिशने दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले, आणि पहिल्यातून कुठल्या मुंग्या वगळल्या आणि का, ते सगळं सांगितलं. तुझ्या बिस्किटांसकट. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग समितीतल्या एका बाईंनी विचारलं की खोटा आलेख मुद्दाम दाखवायचं कारण काय. चष्मिश म्हणाली, तो आम्हाला फार आवडला होता म्हणून.

विषय राहिला, आत्या. एका वर्षापुरता, आणि जागा म्हणून सामानाची जुनी खोली दिलीय, पण राहिला! विभागप्रमुख काल तडक निघून गेले. आज मात्र त्यांनी त्या खोलीची किल्ली स्वतः आणून दिली. मी जिन्यात बसून मनसोक्त रडले.

मुलं आता उत्तर काय यायला हवं ते विचारत नाहीत. त्यांना फक्त एक हवंय, आणि तेही चष्मिशने तुलाच विचारायला सांगितलंय. आत्या अजून कडं काढतात का?

डबा रिकामा आहे, जीव भरलेला आहे. दोन्हीकडे लक्ष असू दे.

तुझी,
चिमणी

•

१७ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

डबा पाठवलाय. या खेपेला तळाचा थरही मुलांचाच.

चष्मिशला सांग, काढते. आधी पुसते, मग काढते, रोज. मुंग्या येतात आणि ओलांडून जातात, जाऊ देत बिचाऱ्या. कशासाठी काढता असं तिने विचारलंच, तर म्हणावं, ये एकदा, शेजारी बसवून सांगेन. पण त्यावर प्रयोग करायचा नाही.

तुझी आत्या