पावलाआधीचं शाब्बास

प्रिय ताई,

नमस्कार. रविवारी फोनवर तू हिची चौकशी केलीस, तेव्हा मी ‘ठीक आहे’ म्हणालो. ते खरं नव्हतं. तोंडाने सांगवेना, म्हणून लिहायला बसलो आहे.

शाळेच्या वाटेवरचा ओढा आठवतो तुला? त्यावर आडवं टाकलेलं ते बुळबुळीत खोड? मी पहिलीत, तू चौथीत. तू आधी पलीकडे जायचीस, हात पसरून उभी राहायचीस आणि मी पाय उचलायच्या आतच ओरडायचीस, “शाब्बास!” जग काम झाल्यावर शाब्बास म्हणतं, पाठ थोपटतं. तू आधीच म्हणून मोकळी व्हायचीस. मग मला वाटायचं, ताई बोलून बसली, आता तिला खोटं कसं पाडायचं? त्या एका विचाराने मी पार व्हायचो.

पुढे मी तेवढ्याच भांडवलावर नोकरी केली म्हण ना. इस्पितळातल्या आमच्या व्यायामाच्या खोलीत, दोन दांड्यांच्या मध्ये, अंगावरून वारं गेलेलं माणूस उभं केलं की त्याचं पाऊल उचलण्याआधी मी शाब्बास म्हणतो. एक निवृत्त पोस्टमन यायचे. म्हणायचे, “जेवणाआधीच ढेकर देता राव तुम्ही!” पण हसत हसत पाऊल टाकायचे. देवाने आपल्या जिभेला एवढं एकच यश दिलंय, असं मी समजत होतो. ही मात्र टोमणा मारायची, “गावाला शाब्बास वाटत फिरता, माझ्या स्वयंपाकाला कधी म्हणालात का?” खरंच नव्हतो म्हणालो.

मग हिचीच उजवी बाजू गेली. वाचाही गेली. तीन महिन्यांनी पलंगाला धरून उभी राहू लागली. आमच्या कामात नियम एकच: रोग्याच्या कमरेला पट्टा, आणि तो धरून आपण मागे. वीस वर्षांत मी तो मोडला नाही. त्या सकाळी घरी मोडला. मला तुझ्यासारखं समोर उभं राहायचं होतं. खिडकीशी गेलो, हात पसरले आणि म्हणालो, “शाब्बास!” हिने माझ्याकडे पाहिलं. जमणार नाही, हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे मलाही दिसत होतं. तरी तिने मला खोटं पाडलं नाही. पाऊल उचललं.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं नाही.

याला महिना झाला. मी कामावर जातो, पट्टा धरतो, पण तो शब्द तोंडातून फुटत नाही. लोक बिचारे मुकाट चालतात. संध्याकाळी देवापुढे बसतो, काही मागत नाही. क्षमासुद्धा नाही. ती द्यायची तर हिने.

परवा घरी येणारी नर्स म्हणाली, केस कापून टाका, फार गुंता होतो. हिने नको म्हणून मान हलवली, डोळे भरून आले. म्हणून काल मीच कंगवा घेऊन तिच्या मागे बसलो. जन्मात कधी वेणी घातलेली नाही. केस हातात घेतले आणि तसाच थांबलो. तेवढ्यात हिच्या वाकड्या तोंडातून आवाज आला. चार महिन्यांतला पहिला शब्द. “शा… ब्बास.” अजून कंगवा टेकलाही नव्हता गं.

मी वेणी घातली. ती सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. ताई, आठ दिवसांची सवड काढून ये. धीर द्यायला नको, इथे आता तो कुणालाच पेलायचा नाही. मला फक्त वेणी घालायला शिकव. हिने आधीच म्हणून टाकलंय. आता हिला खोटं कसं पाडू?

तुझाच,
अजून ओढ्याच्या अलीकडेच उभा असलेला धाकटा