बगळ्याचा डोळा

अप्पा, आज बगळ्याचा डोळा लाल होता. कॅमेऱ्यात मोठा करून पाहिला, घरी येऊन पुन्हा पाहिला, मग पुस्तकही काढलं. विणीच्या दिवसांत, अंडी घालण्याआधी, गायबगळ्याचा पिवळा डोळा थोडे दिवस लाल होतो. नंतर पुन्हा पिवळा.

तुम्हाला ती वालूरची वाट आठवत असेल. शिवलेली झंपरं पोचवायला निघालोय, मी सायकलच्या दांडीवर. तळ्याच्या कडेला म्हैस आणि तिच्या पायाशी बगळा. "अप्पा, त्याचा डोळा लाल हाय," मी म्हणते. तुम्ही पाय टेकवता. "बगळ्याचा डोळा पिवळा असतोय. नीट बघ." मी बघते आणि मान हलवते. तेव्हापासून, दिसलं ते खरंच नीट पाहिलंय का, ही धाकधूक काही गेली नाही.

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला मशीनशेजारी बसवून शिकवलंत. रिळांचा डबा पुढे सरकवून विचारायचात, "सांग बरं, ह्या कापडाला कोणतं रीळ?" मी लाल द्यायची, हिरवं द्यायची, आणि तुम्ही तोच दोरा ओवायचात. मला वाटायचं, उत्तर बरोबर आलं. तुम्ही गेल्यावर एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "त्यांना लाल-हिरवं कळायचंच न्हाई. तुझ्याआधी मी रिळं द्यायची, घाईत माझं लय चुकायचं. तू आलीस अन् दुकान सुधरलं."

म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांची झंपरं माझ्या शब्दावर, आणि एका बगळ्यापुरता तेवढा विश्वास नाही. तेव्हा राग आला होता. आता तळ्यावर एकटी बसते तेव्हा तो रागही सोबतीला येत नाही.

आज दोन फोटो शेजारी ठेवले, हिवाळ्यातला आणि आजचा. पक्षी तोच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. तळ्याकाठची चिंच तीच. दोन्हींतला रंग काढून टाकला. काळ्या-पांढऱ्यात पहिला डोळा उजळ राहिला, दुसरा पार बाहुलीत मिसळून गडद झाला. एवढा फरक तुम्हालाही दिसला असता, अप्पा. रंगाचं नाव मी सांगितलं असतं.

हे पत्र कुठे टाकणार? फोटोंखाली ठेवून देते. एक मात्र सांगायचं राहिलं. रिळांचा डबा अजून माझ्याजवळ आहे. कधी कधी त्यातलं एक उचलते आणि मोठ्यानं रंग सांगते. कोणी विचारलेलं नसतं.