खरबुजाचा वेल आणि साहेबांची लिली

बोईसर,
बुधवार, ४ मे १९६६

तीर्थस्वरूप नागोरावदादा यांसी चंद्रभानचा नमस्कार पोचावा.

आपल्या गुडघ्यांना आता उतार असेल असे धरून चालतो. गायीचे, विहिरीच्या पाण्याचे आणि वहिनींच्या दम्याचे वर्तमान कळवावे. इकडे मी ठीक आहे. सकाळी भात खातो, संध्याकाळी सकाळचा भात खातो. नर्मदा आपल्याकडे येऊन आज सव्वीस दिवस झाले. ती का आली हे तिने सांगितले असेल, किंवा नुसती भांडी आपटून कळवले असेल. (या दुसऱ्या पद्धतीत तिचा मजकूर अधिक स्पष्ट असतो.) आपण तिचे थोरले बंधू, तेव्हा माझी बाजूही आपल्यासमोर असावी. तिला परत पाठवा असे मी म्हणत नाही. प्रश्न बागेचा आहे. क्वार्टरपुढच्या अंगणात खरबुजाचा वेल असावा की लिली, एवढाच. मी स्टोअर-कारकून आहे. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांतली कोणती घ्यावी याची टिपणी लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ती टिपणी कुणी वाचत नाही याचीही मला सवय आहे.

प्रथम वेलाविषयी. बी आपण दिले होते, पूर्णेच्या वाळूतल्या आपल्या वाडीचे. नर्मदेने ते जानेवारीत कुंपणालगत लावले. येथली माती वाळूची खरी, पण नदीची नाही, समुद्राची. खरबुजाला ती कळत नाही आणि तिला खरबूज. तरी नर्मदेने आंघोळीचे आणि तांदूळ धुतल्याचे पाणी घालून त्याला रुजवले. वेलाला दिसण्याची हौस नसते. तो जमिनीवर पडून राहतो, पाने खरखरीत, फुले पिवळी आणि बारकी. पहिली फुले आली त्यांना फळ धरले नाही, तेव्हा मी म्हणालो की हा वांझ आहे. त्यावर नर्मदा म्हणाली, “आधी नराची फुलं येतात. ती नुसती दिसायला असतात.” असे म्हणून तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मार्चअखेर तीन फळे धरली. ती रोज त्यांच्याखाली वाळलेले गवत सरकवी, मूल कुशीवर वळवावे तसे.

आता लिली. आमच्या ठेकेदार कंपनीच्या कॉलनीत शेजारचा मोठा बंगला साहेबांचा. बाईसाहेबांनी पाचगणीहून या लिलीचे गड्डे आणले आणि निवडक क्वार्टरांना एकेक दिला. हिचे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते ते कायमचे. दुसऱ्या दिवशी दुसरे. नारिंगी रंग, वास नाही, उपयोग नाही. हे सर्व बाईसाहेबांनी गुण म्हणून सांगितले. ज्याला लिली मिळते त्याला साहेब नावाने हाक मारू लागतात, असा कॉलनीचा अनुभव होता. अकरा महिने मी त्यांना “अहो स्टोअर” होतो. गड्डा हातात आला त्या दुपारी मी चंद्रभान झालो. दादा, आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. आपल्या गावात आपल्याला सगळे नावानेच ओळखतात.

पण साहेबांनी जाता जाता म्हटले की दर्शनी भागात भाजीपाला बरा दिसत नाही, एक मेला बागांची स्पर्धा आहे. तो हुकूम नव्हता. हुकूम असता तर मी अर्ज केला असता. नर्मदा पालघरला बाजाराला गेली होती. मी बुधाला बोलावले. (बुधा म्हणजे डोंगराकडचा वारली म्हातारा. पावसाळ्यात आपली नाचणी पिकवतो, एरवी साहेबांची आणि आमची, दोन्हीकडची बाग पाहतो.) त्याला म्हणालो, वेल उपट.

तो म्हणाला, “फळ धरलेला येल हाय, साहेब. आमी नाय उपटत.”

मी म्हणालो, मोठ्या साहेबांची मर्जी आहे.

“त्याला काय ठावं? त्याचा येल हाय का?”

मी त्याला सांगितले की मला तो वेल संध्याकाळी येथे दिसता कामा नये. तो म्हणाला, “बरं. नाय दिसनार.” मी कचेरीत गेलो. परत आलो तेव्हा अंगण साफ होते. मध्ये लिली, भोवती विटांचे कडे, विटांना गेरू. नर्मदा बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, जमिनीकडे पाहिले. मी बाजारभाव विचारले, तेही तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे यायला सुरतेच्या गाडीत बसली.

त्यानंतर मी लिलीची सेवा केली. बागकामाच्या पुस्तकात हाडांचे खत सांगितले होते. येथे मिळते ते सुक्या मासळीचे. ते घातले. तीन दिवस कॉलनीतली मांजरे माझ्या अंगणात मुक्कामाला होती, आणि चौथ्या दिवशी शेजारच्या कुंभवली गावची आली असावीत, कारण चेहरे नवे होते. मी रुमाल नाकाला लावून काठी घेऊन बसे. लोक समजत, माणूस बायकोच्या विरहात आहे. मी ते खोडून काढले नाही.

वीस एप्रिलला वरून परिपत्रक आले. अन्नटंचाई लक्षात घेता यंदा स्पर्धेत केवळ खाण्याजोग्या पिकांचा विचार होईल. दर्शनी भागात भाजीपाला लावणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. परिपत्रकावर आमच्याच साहेबांची सही होती. लिली मिळालेल्या पाचही क्वार्टरांत शांतता पसरली. एकाने गड्ड्याभोवती कोथिंबीर पेरली.

रविवारी समिती आली. त्या सकाळी माझ्या लिलीला एकदम तीन फुले आली होती. साहेब वाकले, पाहिले आणि मला विचारले, “हे खातात का?” मी म्हणालो, कल्पना नाही. त्यांनी वहीत शेरा लिहिला. मग सगळे त्यांच्याच बंगल्यात गेले आणि पहिला क्रमांक तेथेच निघाला. बाईसाहेबांच्या कुंपणापाशी, कर्दळीच्या आड, खरबुजाचा वेल होता आणि त्याला दोन मोठी फळे. तो आपण जानेवारीपासून कसा वाढवला हे बाईसाहेबांनी थोडक्यात सांगितले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता; त्यांना आठवतच होते. बक्षीस म्हणून झारी दिली, ती मी स्टोअरमधून काढून दिली. प्रमाणपत्रही माझ्याच अक्षरात आहे, कारण कॉलनीत माझे अक्षर चांगले आहे.

टाळ्या झाल्यावर माणसे पांगली. मी खाली बसून तो वेल हाताने मागे मागे चाचपत गेलो. तो कर्दळीतून निघाला, तारेच्या खालून आला आणि माझ्या अंगणात एका फुटक्या कौलाखाली संपला. कौल उचलले. बुंधा होता. भोवतीची माती ओली होती. बुधा मागे उभा होता. म्हणाला, “बायनं लावलेला. मी निस्ता तोंड फिरवलं त्याचं.”

मी कुणाला काही सांगितले नाही. काल साहेबांनी कचेरीत हाक मारली, “अहो स्टोअर.”

तेव्हा टिपणीचा निष्कर्ष असा. शोभा, स्वच्छता आणि वरिष्ठांची मर्जी या तिन्ही बाबतींत लिली सरस आहे. वेल फक्त फळ देतो. आपला निर्णय कळवावा.

आपला,
चंद्रभान

ता. क. बाईसाहेबांकडून बक्षिसाच्या खरबुजाची एक फोड आली होती, चिनी मातीच्या बशीत. गोड होते. बशी धुऊन परत केली.

दुसरा ता. क. लिली मी सोमवारी उपटली. मासळीच्या खताचा खड्डा तसाच आहे. पुढच्या जानेवारीत खरबुजाला चांगला. वरती ‘तिला परत पाठवा असे मी म्हणत नाही’ असे एक वाक्य आहे. ते खोडून मग नर्मदेला पत्र वाचायला द्यावे.

तिसरा ता. क. फळे तीन धरली होती हे नर्मदेच्या लक्षात असेल. तिसरे बुधाने समिती येण्याआधीच तोडून भाताच्या पेंढ्यात ठेवले होते. काल संध्याकाळी घेऊन आला. मी कापायला विळी काढली तर म्हणाला, “तुमचं नाय. बायचं हाय. आठ दिस ऱ्हाईल.” एक दिवस गेला. पत्राला तीन दिवस लागतील, भुसावळहून सुरतेमार्गे यायला दीड. मध्ये अडीच दिवस उरतात, तेवढ्यात वहिनींनी लाडू वगैरे करण्याच्या भानगडीत पडू नये. फळ खाटेखाली आहे. खोलीभर वास आहे, आणि भात त्या वासावर खातो.