मागची रांग दिसत नाही

प्रिय ठोक्या,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. तुझ्या कार्यालयात फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, बँड संघटनेचे सचिवसाहेब बैठकीत आहेत. त्यांची ताई बोलतेय असं चार वेळा सांगितलं, चारही वेळा तिने कामाचं स्वरूप विचारलं. ताई असणं हे कामात मोडतं की नाही, ते मला सांगता आलं नाही. म्हणून पत्र लिहायला बसले.

दुकान तसंच आहे. दारातली मशीन नवी घेतली, आतली आईचीच. या हंगामात पाच बँडचे गणवेश माझ्याकडे होते. शेवटचे पुलापलीकडच्या मुलींचे, बेचाळीस कोट, निळे, खांद्याला पांढरी पट्टी. मापं घ्यायलाच तीन दिवस गेले, कारण त्या एका जागी दोन मिनिटं उभ्या राहत नाहीत, पाय चालूच. ड्रमवाल्या मुलींचा डावा खांदा मी अजूनही जरा वर कापते. पट्ट्याच्या ओझ्याने तो खाली येतो, हे बाहेरच्या शिंप्याला कळत नाही. करारावर सही करतानाचा तुझा फोटो वर्तमानपत्रात पाहिला. कापड भारी होतं, पण कोट डाव्या बाजूला लोंबत होता. ज्याने शिवला त्याला तू चौदा वर्षं मोठा ड्रम वाहिलास हे कुणी सांगितलं नसावं. तूही सांगितलं नाहीस वाटतं.

आपल्या बँडचे मास्तर अजून आहेत. तू विचारलं नाहीस तरी सांगते. वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट मिळाली आहे, उजवं अंग गेलं ते गेलंच, जीभ जड झाली आहे, कान मात्र पूर्वीसारखेच. वाढपी वाट्या कोणत्या क्रमाने ठेवतो तेही त्यांना आवाजावरून कळतं. दर वर्षी बँड स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या दुपारी तिथल्या मोठ्या खोलीत नऊ-दहा खुर्च्या टीव्हीसमोर लागायच्या आणि मास्तर सगळ्यांना समजावून सांगायचे. त्यातल्या एकीने आयुष्यात बँड पाहिला नव्हता, पण तीही रांग तिरकी झाली की जिभेने चुकचुकायची. टीव्हीवर दिसायचं ते माझंच चित्रण, इंटरनेटवर सगळ्यांना फुकट. मी प्रेक्षागृहाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावायचे, मैदान एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चौकटीत घ्यायचे आणि शेवटपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचे नाही. बावीस वर्षं. मास्तरांनीच शिकवलं होतं की वाजवणारे साठ असतात आणि चालणारा एकच असतो, तो एकच दाखव. शिवाय चौथ्या रांगेतल्या पोराच्या आईला सनई-तुतारीशी काय देणंघेणं, तिला आपलं पोर वळलं की नाही तेवढं बघायचं असतं.

मग तुझा करार आला. त्या बैठकीत मी मागे भिंतीला टेकून उभी होते, तुला दिसले असेन. थेट प्रक्षेपणाचे सगळे हक्क एका बाहेरच्या कंपनीला, ज्याला बघायचं त्याने वर्गणी भरावी, जुनी चित्रणंसुद्धा त्यांच्याच ताब्यात. तीस बँडचे मास्तर समोर बसलेले. त्यातल्या निम्म्यांनी कागद वाचलाही नव्हता. तू हात वर केलास आणि पाठोपाठ तीस हात वर गेले. मला तुझी विसाव्या वर्षीची अंतिम फेरी आठवली. वळणाआधी आठ पावलं होती आणि तू सहाव्यालाच थाप मारलीस. आपल्याकडचा नियमच तो, ड्रम चुकला तर सगळ्यांनी ड्रमाबरोबर चुकायचं, म्हणजे चूक कुणाला दिसत नाही. साठ जण दोन पावलं आधी वळले, परीक्षकांना वाटलं रचनाच तशी आहे, आणि चषक आपल्याला मिळाला. त्या दिवशी तू मशीनमागे बसून रडलास आणि मी शटर अर्धं ओढून घेतलं होतं. या वेळी मात्र तुला रडू आलेलं दिसलं नाही. खेळ आता जगभर पोहोचेल, असं तू पत्रकारांना सांगितलंस. जगाचं माहीत नाही, पुलापलीकडे पोहोचायचा तो थांबला. माझी बावीस वर्षांची चित्रणं एका दुपारीत काढून टाकली गेली. जिथे मैदान दिसायचं तिथे आता एक करडी चौकट आणि हक्कभंगाची सूचना असते. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसऱ्या कुणाला काय बोलू?

गेल्या वर्षी मी वर्गणी भरली. मास्तरांसाठी भरली, नाहीतर तुझ्या कंपनीला मी सुईसुद्धा उसनी दिली नसती. पण वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने आधीच चौकशी केली होती आणि त्याला उत्तर आलं होतं की मोठ्या खोलीत सगळ्यांना दाखवायचं तर वेगळा परवाना लागेल. भला माणूस, नियमाला घाबरतो. तेव्हा माझ्या फोनवर, मास्तरांच्या खोलीत, दार लावून. बाकीचे आपापल्या खोलीत गेले, त्यांना तसं सांगण्यात आलं होतं. आणि काय दिसलं? ट्रम्पेटवाल्याचे फुगलेले गाल. परीक्षकाचा चष्मा. मग एकदम आकाशातून मैदान, मुंग्या दिसाव्यात तसं, आणि कुणी वळायच्या आत परत गाल. वर एक मनुष्य अखंड बोलत होता. मास्तर म्हणाले, मागची रांग दाखव. परत म्हणाले, मागची रांग. बावीस वर्षं मीच घेतेय, तेव्हा याही वेळी मीच घेत असणार, असं त्यांना वाटलं होतं. हात का हलतोय तुझा, शिकवलेलं विसरलीस का, असं ते मला रागावले. माझ्यावर ते आयुष्यात कधी रागावले नव्हते. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी फोन बंद केला आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. खोटं कशाला सांगू?

या वर्षी वर्गणी भरली नाही. प्रेक्षागृहात आता कॅमेरा नेऊ देत नाहीत. त्या निळ्या कोटवाल्या मुलींची सरावाची इमारत मैदानाच्या पाठीमागेच आहे. बदलायचे काही कोट पोहोचवायचे म्हणून किल्ली माझ्याकडे होती. अंतिम फेरीच्या दुपारी त्या सगळ्या त्यांच्या बाईंबरोबर मैदानावर होत्या, इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मी तिकाटणं घेऊन गच्चीवर गेले. एकावन्न पायऱ्या, माझ्या गुडघ्यांनी प्रत्येकीची नोंद घेतली. कठडा गरम होता, त्यावर कोटाची रिकामी पिशवी घालून टेकले आणि पहिल्या बँडपासून शेवटच्यापर्यंत सगळं घेतलं, न हलवता. गच्ची मागच्या बाजूला असल्यामुळे मागची रांगच सगळ्यात पुढे दिसत होती. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत पुन्हा खुर्च्या लागल्या. हे माझं स्वतःचं आहे, असं व्यवस्थापकाला सांगितलं, आणि तेवढं खरंही होतं. मास्तरांचा डावा हात पांघरुणावर चालत होता. मुली वळल्या तेव्हा त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, डावीकडून तिसरी, अर्धं पाऊल मागे, पण मान सरळ आहे, जमेल तिला. आणि मग विचारलं, ठोक्या कुठाय? कामात आहे म्हटलं. तुझ्या फोनवरच्या त्या मुलीकडून शिकले.

त्याच संध्याकाळी मी ते चित्रण सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं, रागाने केलं आणि आनंदानेही केलं. खाली एका आईने लिहिलं की मुलगी तीन वर्षं वाजवतेय, तिला पूर्ण वळताना आज पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या कंपनीने ते चार दिवसांत काढून टाकलं. काढू दे, ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघून घेतलं.

आता मुद्द्याचं. काल मुलींच्या बाई दुकानात आल्या, हातात तुझ्या सहीची नोटीस. चित्रण त्यांच्या गच्चीवरून झालं आहे आणि त्यात एका बाईचा आवाज आहे, तेव्हा हे काम त्यांचंच. सोमवारच्या सुनावणीत खुलासा द्या, नाहीतर बेचाळीस मुलींना पुढची तीन वर्षं मैदान बंद. त्या बाई तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या होत्या, पण कंपनीच्या कॅमेऱ्याने एकदाही तिकडे पाहिलेलं नाही, आणि माझ्या चित्रणात त्या ठिपक्याएवढ्या आहेत, पुरावा आणायचा कुठून? मला तर आवाजाचं काही माहीतच नव्हतं. घरी येऊन माझ्याकडची प्रत कानाला लावून ऐकली. खरंच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी हळू आवाजात मोजतेय, एक ते आठ, परत एक ते आठ. वरच्या पायरीवर गर्दीच्या गलक्यात ते कधी ऐकू आलं नसेल, गच्चीवर शांतता होती. ठोक्या, आई गेल्यावर तुला मैदानावर चालायला मी शिकवलं, तुझ्या शेजारून याच आवाजात मोजत. आणि ती नोटीस काढण्याआधी तू ते चित्रण ऐकलं आहेस, तसं तुझ्याच हाताखालचा माणूस बाईंना बोलला. आवाज ओळखला नाही, असं मला सांगू नकोस. ताईला वाचवायचं म्हणून तू हे केलं असशील, तर हे असलं प्रेम मला नको, चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं. सोमवारच्या आत त्या मुलींचं नाव काढ आणि तिथे माझं घाल. नाही घातलंस तर मी सुनावणीला येईन, तुझ्या टेबलासमोर उभी राहीन आणि सगळ्यांसमोर एक ते आठ मोजून दाखवीन.

अजून तरी तुझीच,
ताई